मेलेल्या माणसाचा भाव

मंडळी, आमच्या पुतण्याचं म्हणणं असं, की न्यायाधीशांनी भावनेत न वाहता निकालाला अर्थशास्त्र लावावं. एमबीए झालाय, म्हणणारच! मला ते आमच्या कसारा लाइनवर लावून बघायचंय.

१९४७ साली अमेरिकेत लर्नेड हँड या न्यायाधीशांनी बंदरात सुटलेल्या एका बार्जच्या खटल्यात हिशेब मांडला. अपघाताची शक्यता गुणिले नुकसान, हे काळजी घेण्याच्या खर्चापेक्षा जास्त भरलं तर काळजी न घेणारा दोषी. पाचवीच्या पोरालाही कळावं असं गणित. पुढे रिचर्ड पॉझ्नर यांनी १९७३ च्या ग्रंथात या विचाराचं शास्त्रच केलं. असो.

आता लोकलच्या दारातून पडलेला माणूस घ्या. रेल्वे कायद्याचं कलम १२४अ म्हणतं, रेल्वेची चूक होती का ते न बघता भरपाई द्या. चढता-उतरता पडला म्हणजे त्याचाच निष्काळजीपणा, असं म्हणून भरपाई नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रिना देवी खटल्यात सांगितलं. उत्तमच. पण मृत्यूची रक्कम न्यायाधीशांच्या हातात नाही, ती नियमात छापलेली. नोव्हेंबर १९९७ पासून ४ लाख, ती थेट जानेवारी २०१७ मध्ये ८ लाख. मधल्या १९ वर्षांत डाळ वाढली, भाडं वाढलं, शाळेची फी वाढली. मेलेला माणूस तेवढा जुन्याच भावात! आणि भाव ठरवतं कोण? केंद्र सरकार. रेल्वे कोणाची? त्याच सरकारची. म्हणजे गुणाकारातला एक आकडा देणेकऱ्यानेच लिहायचा. मग काळजी घेणं त्याला महाग वाटलं तर नवल काय?

तोच माणूस रस्त्यावर गाडीखाली गेला असता, तर वय, कमाई, मागे राहिलेली खाणारी तोंडं बघून आकडा काढला असता. (कमाईवर माणूस तोलणं मला पटत नाही. घरात राबणाऱ्या बाईच्या कामालाही मोल आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्येसुद्धा बजावून सांगावं लागलं!)

९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन लोकल शेजारून जाताना दारातली माणसं खाली पडली. चार जण त्याच दिवशी गेले. लगेच साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारी दारं बसवायची घोषणा झाली. दारं काय त्या दिवशी स्वस्त झाली होती?

तेव्हा पुतणेबुवा, अर्थशास्त्र जरूर लावा, पण आधी रेल्वेला लावा. भरपाई दरवर्षी महागाईबरोबर वाढू दे, आणि ज्या विभागात माणूस पडला त्याच विभागाच्या बजेटमधून ती जाऊ दे.