पदवीच्या नावापेक्षा पाया महत्त्वाचा

बारावीचा निकाल लागला की प्रवेशाच्या धावपळीत ‘बी.टेक. नॅनोतंत्रज्ञान’ ही पदवी अनेकांना खुणावते. नाव नवे, भविष्य उज्ज्वल वाटते आणि पालक कर्ज काढूनही शुल्क भरायला तयार होतात. पण या क्षेत्रात जायचे तर पहिली पदवी याच नावाची हवी, हा समज तपासून पाहायला हवा.

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. माणसाचा केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. या पातळीवर पदार्थाचे गुणधर्मच बदलतात. पिवळेधमक सोने द्रवातील अतिसूक्ष्म कणांच्या रूपात लाल दिसते. हे का घडते ते भौतिकशास्त्र सांगते, असे कण तयार करणे रसायनशास्त्र शिकवते आणि ते शरीरात काय करतील हे कळायला जीवशास्त्र लागते. कोविडच्या एमआरएनए लशी पेशींपर्यंत पोचल्या त्या स्निग्ध पदार्थांच्या नॅनोकणांतून. त्यामागे या तिन्ही शाखांचे काम होते.

क्वांटम डॉट्सच्या शोधासाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते मौंगी बावेंडी, लुईस ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव यांना. त्यांचे शिक्षण रसायन आणि भौतिकशास्त्रातले. त्यांच्या काळी नॅनोची पदवीच नव्हती, हे खरे. पण आजही ‘गेट’ किंवा सीएसआयआर-नेट या परीक्षांत नॅनोतंत्रज्ञानाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नाही. उच्च शिक्षणाची आणि संशोधनवृत्तीची वाट याच परीक्षांतून जाते. तिथे विद्यार्थ्याला भौतिक, रसायन, धातुशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स यांपैकी कशात तरी पक्के असावेच लागते.

त्यामुळे आधी आवड ओळखावी. चिप आणि सेन्सर खुणावत असतील तर इलेक्ट्रॉनिक्स किंवा भौतिकशास्त्र. औषधे खुणावत असतील तर फार्मसी, रसायन किंवा जैवतंत्रज्ञान. नवे पदार्थ घडवायचे असतील तर धातू व पदार्थ अभियांत्रिकी. नॅनोचे विशेष शिक्षण एम.एस्सी., एम.टेक. किंवा पीएच.डी.च्या टप्प्यावर घेता येते. आयआयटी मुंबई, पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ‘आयसर’, मोहालीची नॅनो विज्ञान व तंत्रज्ञान संस्था येथे या विषयात संशोधन चालते.

तरीही पदवीलाच नॅनो घ्यायचे असेल, तर प्रवेशाआधी महाविद्यालयाला तीन प्रश्न विचारावेत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर विद्यार्थ्यांना स्वतः काम करता येते का? पहिल्या दोन वर्षांत गणित, भौतिक आणि रसायन किती शिकवले जाते? आधीच्या तुकड्यांतील मुले आज कुठे आहेत? उत्तरे गुळमुळीत मिळाली, तर दुसरे महाविद्यालय शोधलेले बरे. अठराव्या वर्षी घेतलेला निर्णय बदलता येतो. त्यापायी काढलेले कर्ज मात्र फेडावेच लागते.