हातोडा पडल्यानंतर

'लिलाव' हा शब्द आपल्या भाषेत पोर्तुगीजांकडून आला. समुद्रमार्गे आलेल्या या पाहुण्याने मराठीत असे घर केले, की तो मूळचा परका आहे हे सांगूनही आज कोणाला खरे वाटणार नाही. लासलगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव होतो, कोकणच्या बंदरात पहाटे मासळीचा लिलाव होतो. घेणारे जमतात, बोली चढत जाते आणि ज्याची बोली सर्वांत मोठी, त्याच्या पदरी माल पडतो. या व्यवहारात गूढ असे काही नाही. कांदा कशासाठी घ्यायचा हे सर्वांना ठाऊक असते; प्रश्न असतो तो केवळ भावाचा.

परंतु जगात आणखी एका प्रकारचे लिलाव चालतात. लंडन, न्यूयॉर्क, हाँगकाँग अशा शहरांतील मोठमोठ्या दालनांत जुनी नाणी, तलवारी, चित्रे, घड्याळे, मुलांच्या खेळण्यातील मोटारी आणि थोर पुरुषांची पत्रे बोलीवर विकली जातात. यांतील एकही वस्तू पोट भरीत नाही किंवा थंडी निवारीत नाही. तरीही तिच्यासाठी लाखो आणि कधी कधी कोट्यवधी रुपये मोजणारे लोक आहेत. अशा वस्तूंचे खरे मोल लिलावात ठरते काय, याचा विचार आपण शांतपणे केला पाहिजे. कारण या बाजारात आपल्या पूर्वजांच्या वस्तूही मांडल्या जातात.

प्रथम या लिलावाची रीत पाहू. विक्रीपूर्वी वस्तूंची सविस्तर यादी छापली जाते. प्रत्येक वस्तू कोणत्या काळातील आहे, ती कोणाकोणाच्या हातून येथवर आली, तिची अंदाजी किंमत काय, हे तीत नमूद असते. ज्याखाली वस्तू विकायची नाही अशी किमान रक्कमही मालक बहुधा आधी ठरवून ठेवतो. मग बोली सुरू होते. शेवटच्या बोलीवर लिलाव पुकारणारा लाकडी हातोडा मेजावर आपटतो आणि सौदा पक्का होतो. या रीतीत एक मर्म दडलेले आहे. किंमत वाढण्यास हजारो लोकांची इच्छा लागत नाही. हट्टाला पेटलेले दोन धनिक पुरेसे होतात.

याचे एक बोलके उदाहरण इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात घडले. २०२० साली तेथील एका लिलावगृहाच्या पत्रपेटीत कोणीतरी एक साधा लिफाफा टाकून गेले होते. त्यात जुना, सोनेरी कड्यांचा चष्मा होता. तो महात्मा गांधींनी आपल्या नातलगास दिला होता, असे मालकाचे सांगणे होते. मात्र त्याचे काही मोल नसेल, तर तो खुशाल टाकून द्यावा, असेही त्याने कळवले होते. जाणकारांनी त्याची किंमत सुमारे १५ हजार पौंड होईल असा अंदाज केला. प्रत्यक्षात त्या वर्षी ऑगस्टमध्ये तो २ लाख ६० हजार पौंडांना विकला गेला. ज्या महापुरुषाने आयुष्यभर अपरिग्रहाचा उपदेश केला, त्याच्याच चष्म्यासाठी ही चढाओढ व्हावी, हा दैवाचा विनोदच म्हटला पाहिजे! तो चष्मा लिफाफ्यात असताना आणि हातोडा पडल्यानंतर एकच होता. बदलली ती फक्त किंमत.

म्हणून काय संग्रहाची हौस वाईट ठरते? मुळीच नाही. इंग्लंडमध्ये एका मुलीच्या शाळेत असा नियम होता, की मुलांनी आणलेले खेळणे आगपेटीत मावले पाहिजे. तिच्या वडिलांनी, जॅक ओडेल यांनी, तिच्यासाठी रस्ता दाबणाऱ्या यंत्राची एक इवलीशी पितळी प्रतिकृती बनवली. तीतूनच १९५३ साली 'मॅचबॉक्स' नावाच्या चिमुकल्या गाड्या बाजारात आल्या आणि जगभरच्या मुलांनी त्या जमिनीवरून पळवल्या. आज त्यांतील जुन्या गाड्या लिलावात मांडल्या जातात. गंमत अशी, की गाडीबरोबर तिचा मूळचा पुठ्ठ्याचा खोका असेल, तर तिला पुष्कळ अधिक किंमत येते. कारण मुलांनी गाड्या ठेवल्या, पण खोके फेकून दिले. असा संग्रह करणारा मनुष्य कोणाचे काही हिरावून घेत नाही. उलट, ज्या क्षुल्लक वस्तूकडे जगाने पाठ फिरवली, ती तो जपतो.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी हेच कार्य फार मोठ्या प्रमाणावर केले. दिवे, अडकित्ते, कुलपे, भांडी, कोरीव दरवाजे अशा नित्याच्या वापरातील वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून जमवल्या. लोक ज्यांना अडगळ म्हणत, त्यांत त्यांना कारागिराचा हात दिसत होता. असा सुमारे वीस हजार वस्तूंचा संग्रह त्यांनी १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. अकाली गेलेल्या आपल्या पुत्राचे, राजाचे, नाव त्यांनी त्या संग्रहालयाला दिले होते. खासगी छंदाचे लोकसंपत्तीत रूपांतर कसे करावे, याचा हा वस्तुपाठ आहे.

खेळण्यातील गाडी आणि इतिहासाचा कागद यांत मात्र मोठा भेद आहे. गाड्या एका साच्यातून लाखोंनी निघतात. एक हरवली तर दुसरी मिळते. पत्र एकदाच लिहिले जाते. शिवाय पत्राला सोबत लागते. एका पत्रात प्रश्न असतो, दुसऱ्यात त्याचे उत्तर असते आणि तिसऱ्यात त्या उत्तरामुळे झालेली लढाई असते. रुमालात बांधलेले दप्तर सबंध असेल, तरच ते बोलते. त्यातील एकेक कागद सुटा करून निरनिराळ्या माणसांना विकला, तर प्रत्येक कागद सुरक्षित राहूनही दप्तर मुके होते. बाजाराचा कल मात्र नेमका याच्या उलट असतो. कारण सुटे भाग विकून सबंध वस्तूपेक्षा पुष्कळदा अधिक पैसा मिळतो.

इराणात सोळाव्या शतकात शाह तहमास्प या बादशहासाठी 'शाहनामा' या महाकाव्याची एक अप्रतिम हस्तलिखित प्रत तयार झाली होती. तीत २५८ चित्रे होती. १९५९ साली ती एका अमेरिकन संग्राहकाच्या हाती गेली आणि त्याने तिची पाने सुटी केली. काही पाने संग्रहालयास दिली, काही विकली. अखेर १९९४ साली ११८ चित्रांसह उरलेली पोथी इराणला परत मिळाली. २०११ मध्ये लंडनच्या लिलावात या पोथीचे केवळ एक पान सुमारे ७४ लाख पौंडांना गेले. चार शतके राज्यक्रांत्यांतून सहीसलामत राहिलेला हा ग्रंथ संग्राहकाच्या हाती मात्र विखुरला! पानाला किंमत आली. ग्रंथ मात्र गेला.

याच्या अगदी उलट आचरण इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे होते. जुने कागद शोधीत ते गावोगाव पायपीट करीत. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या देवघरात, कोणाच्या बळदात दप्तर आहे असे कळले, की त्यांचे पाय तिकडे वळत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केला. पानिपतच्या काळातील पत्रे त्यामुळे सामान्य वाचकाच्या हाती आली. पुढे या मालेचे एकूण २२ खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, ते त्यांच्याच पुढाकाराने. त्यांना कागद हवा होता तो वाचण्यासाठी आणि वाचून इतरांना देण्यासाठी. एकदा छापलेले पत्र कोणालाही कुलपात बंद करता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

येथे कोणी विचारील, की परदेशी लिलावात आपल्या वस्तू निघाल्या, तर आपण काय करावे? अलीकडच्या काही घटना या बाबतीत मार्गदर्शक आहेत. नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनला लिलावात आली. पाते युरोपीय घडणीचे आणि त्यावर रघुजींचे नाव देवनागरी अक्षरांत सोन्याने कोरलेले, अशी ती तलवार महाराष्ट्र शासनाने ४७ लाख १५ हजार रुपयांस मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. त्याच वर्षी पिप्रहवा येथील स्तूपातून १८९८ साली निघालेली, भगवान बुद्धांच्या अस्थींसोबतची रत्ने हाँगकाँगमध्ये विक्रीस निघाली होती. जी वस्तू कोट्यवधी लोकांना पूज्य आहे, तिची बोली लावणेच अनुचित, असा आक्षेप भारत सरकारने घेतला. लिलाव थांबला आणि मुंबईतील एका उद्योगसमूहाच्या साहाय्याने ती रत्ने जुलैमध्ये भारतात परतली.

अशा घटनांनी आपल्याला आनंद व्हावा, हे स्वाभाविक आहे. तथापि, दिसेल ती वस्तू मिळेल त्या किमतीस परत आणावी, हे काही धोरण होऊ शकत नाही. गिऱ्हाईक हळवे आहे असे दुकानदाराला कळले, की भाव चढतो. म्हणून निवड केली पाहिजे. २००९ साली न्यूयॉर्कला गांधीजींचा चष्मा, चपला, घड्याळ, वाटी आणि थाळी यांचा लिलाव १८ लाख डॉलरांस झाला आणि देशभर त्याची चर्चा झाली. पुढे २०१२ साली भारत सरकारने लिलावापूर्वीच गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतील स्नेही हर्मन कॅलेनबाख यांच्याकडील पत्रांचा व कागदांचा संग्रह एकत्रित विकत घेतला. तो दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवला गेला. या दोहोंत मला दुसरी घटना अधिक महत्त्वाची वाटते. चपलांकडे पाहून आपण हात जोडतो. पत्रे वाचून आपण विचार करतो. पैसा थोडा असेल, तेव्हा आधी पत्रे घ्यावीत, मग चपला.

कायद्यानेही आपल्याला काही आधार दिला आहे. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीच्या कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांपूर्वीची महत्त्वाची हस्तलिखिते व कागदपत्रे पुरातन ठरतात आणि कोणाही खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. पण कायदा सीमेवर पहारा देतो. तो आपल्या माळ्यावर येऊन वाळवी झाडीत नाही. मी शिक्षक असताना एका विद्यार्थ्याने शेंगदाण्यांची पुडी उलगडून आतला कागद मला दाखवला होता. तो मोडी लिपीतील जमाखर्चाचा कागद होता. चौकशी केली तेव्हा कळले, की एका जुन्या वाड्यातील दोन पोती कागद रद्दीच्या भावाने गेले होते आणि त्यांच्या पुड्या बांधून संपल्याही होत्या. त्या कागदांना ना लंडन ठाऊक होते, ना लिलाव. तराजूत पडले आणि संपले. परदेशी गेलेल्या एका तलवारीसाठी आपण हळहळतो. मात्र घरातून रद्दीत गेलेल्या पोत्यांसाठी कोणी हळहळत नाही.

म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, या विषयाचा संबंध केवळ धनिकांशी व सरकारशी आहे असे समजू नका. आपल्या घरात जुने कागद असतील, तर ते कोणी लिहिले, कोठून आले, हे वडीलधाऱ्यांना विचारून एका वेगळ्या कागदावर नोंदवून ठेवा. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका; कालांतराने ती कागदाला डाग पाडते. एकाच रुमालातील कागद एकत्रच राहू द्या. त्यांची छायाचित्रे काढून ती जवळच्या इतिहास मंडळाला किंवा अभिलेखागाराला दाखवा. तेवढ्याने तुमची मालकी जात नाही, पण कागदातील मजकूर सर्वांचा होतो. आणि जमल्यास मोडी शिका. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती आपल्या शाळांत शिकवली जात असे. आज ती वाचणारे थोडे आहेत आणि न वाचलेली दप्तरे मात्र असंख्य आहेत.

लिलाव पुकारणाऱ्याचा हातोडा एवढेच सांगतो, की आज ही वस्तू कोणाची झाली. ती कशासाठी झाली, हे सांगण्याचे सामर्थ्य त्याच्यात नसते. ते पुढच्या दिवसांत दिसून येते. वस्तू तिजोरीत गेली, तर तिची किंमत टिकते. ती लोकांच्या डोळ्यांपुढे आली, कागद असल्यास कोणी तो उलगडून वाचला, त्यातून एखादी विसरलेली गोष्ट उजेडात आली, तरच तिचे मोल वाढते. किंमत देण्यास धन लागते. मोल वाढवण्यास वाचणारे डोळे लागतात, आणि ते आपल्यापैकी प्रत्येकापाशी आहेत.