दुःखाचा पंचनामा

दिवाळी अंकाला दुःखाचा विषय कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर आमच्या हंगामातच आहे. यवतमाळ जिल्ह्यात दिवाळी येते ती कापूस फुटतो तेव्हा. सीतादहीची पूजा होते, वेचणी सुरू होते. पहिल्या वेच्याला भाव मिळाला तर घरात गोडधोड, नाही तर कृषी केंद्राची उधारी दाराशी उभी. याच जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व चार मुलांसह जीवन संपवले. तेव्हापासून अशा किती घरांत गाव भेटीला गेले आणि ओट्यावर बसून एकच गोष्ट चघळत राहिले : याचे नेमके चुकले कुठे? कुणी व्यसन काढतो, कुणी मुलीच्या लग्नातला खर्च, कुणी पूर्वजन्माचे पाप. सूर सांत्वनाचा असतो, पण निकाल आधीच लागलेला असतो. दुःख पाहून माणसाच्या पापाचा हिशेब मांडण्याचा अधिकार कुणालाच नाही, हे ख्रिस्ती शास्त्राचे म्हणणे आम्हाला इथे तपासायचे आहे. यवतमाळला ते परके नाही. १९५३ पासून १९८३ साली पुण्याला जाईपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मशास्त्राची शिक्षणसंस्था याच शहरात होती.

बायबलमधला ईयोब हा सधन, देवभीरू माणूस. गुरेढोरे, मुलेबाळे आणि शेवटी अंगावरची धड कातडीही गेली. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे मित्र भेटीला आले, सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले. तिथपर्यंत ते मित्र होते. तोंड उघडले आणि ते न्यायाधीश झाले. देव न्यायी आहे, तू भोगतो आहेस, म्हणजे तू पापी आहेस, असे त्यांचे सरळ गणित. ईयोब ते मान्य करत नाही. तो थेट देवाकडेच दाद मागतो, तेही चढ्या आवाजात. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो मित्रांवर. देवाची बाजू घेऊन बोललेल्यांचे चुकले आणि देवाशी भांडणाऱ्याचे बरोबर होते, असा तो निवाडा आहे. येशूनेही हेच सूत्र पुढे नेले. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांहून अधिक पापी नव्हती, असे त्याने स्पष्ट सांगितले. जन्मांधाला पाहून, हे कुणाचे पाप, याचे की आईबापांचे, असे शिष्यांनी विचारले, तेव्हा त्याने दोन्ही पर्याय नाकारले.

आज हे मित्र कुठे भेटतात? शेतकरी आत्महत्येनंतर जिल्हा समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. सातबारा नावावर होता का, कर्ज बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे होते का, नापिकी होती का, वसुलीचा तगादा होता का, हे तपासले जाते. पात्र ठरल्यास एक लाख रुपये, त्यातले तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. सरकारी पैसा नियमानेच द्यावा लागतो, याबद्दल तक्रार नाही. पण ठेक्याने जमीन कसणारा, हातउसने घेतलेला, सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई यांचे मरण कागदावर अपात्र ठरते आणि गाव तो शेरा चारित्र्याचा दाखला म्हणून वाचते. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे विषबाधेने दगावली, शेकडो रुग्णालयात दाखल झाली. कापूस डोक्याच्या वर वाढलेला, पंपाचा फवारा अंगावर परतणारा, उकाड्याने जीव कासावीस. तरीही चर्चा पुन्हा पुन्हा येऊन थांबली ती मजुराने मास्क आणि हातमोजे का घातले नाहीत यावरच.

यावर पहिला आक्षेप असा की, दुःख आणि पाप यांचा संबंधच तोडला तर नीतीला आधार काय उरणार? पेरावे तसे उगवते, हे तर बायबलही सांगते. बरोबर आहे. पापातून दुःख निपजते, पण दुःखावरून मागे जात पापी शोधता येत नाही. पेरणारा एक आणि भोगणारा दुसरा, हे तर आपल्या शिवारात रोजचे आहे. विषारी मिश्रण विकणारा वेगळा, ते श्वासातून घेणारा वेगळा. ईयोबाच्या मित्रांनी नेमका हाच उलटा हिशेब केला.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ईयोब निर्दोष होता. आपली माणसे कुठे तशी असतात? करपे यांच्याबरोबर चार लेकरांचाही जीव गेला, त्याला काय म्हणायचे? ख्रिस्ती शास्त्र इथे डोळेझाक करत नाही. देवासमोर कुणीही स्वतःच्या पुण्याईने नीतिमान ठरत नाही, असे प्रेषित पौल रोमकरांना लिहितो. पण ‘कुणीही नाही’ यात ओट्यावर बसलेले आणि अहवाल लिहिणारेही आले. सगळेच आरोपी असतील तर न्यायासनावर बसायला आपल्यातले कुणी उरत नाही. उरते ती देवाची कृपा, आणि ती पात्रता तपासून मिळत नाही. मग खऱ्या गुन्हेगारालाही सूट मिळाली, असे कुणी म्हणेल. तसेही नाही. जकातदार जक्कयाला क्षमा लाभली तेव्हा त्याने निम्मी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले. ज्या पश्चात्तापात परतफेड नाही, त्याला शास्त्रात थारा नाही.

हा विचार मराठी मनाला अनोळखीही नाही. दानशूर बळी पाताळात गेला म्हणून आपण त्याला पापी ठरवले नाही. दर पाडव्याला त्याचेच राज्य मागतो. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनात लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले उद्घाटनाचे निमंत्रण मागे घेतल्याचा वाद पेटला आणि उद्घाटनाला वैशाली येडे उभ्या राहिल्या. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी व्यासपीठावर बोलत होती आणि चौकशी करणारा समाज समोर बसून ऐकत होता. ईयोबाच्या कथेतही शेवट असाच फिरतो. देव मित्रांना सांगतो की, ईयोबाकडे जा, तो तुमच्यासाठी प्रार्थना करील. म्हणजे माफी मागायला जायचे ते न्याय करणाऱ्यांनी. या दिवाळीत अशा घरी जाणाऱ्यांनी कारणे विचारू नयेत. उधारीची वही, सातबारा, मुलांची फी यातले आपल्या हातून काय मार्गी लागेल ते विचारावे.

 

— संपादक