बंद पडला की बंद केला?



चैत्र यात्रेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, गुलालात माणूस ओळखू येत नाही, आणि आरोळी उठते, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" ती कुणा साहेबानं इंग्रजीत उतरवून दाखवावी! तर्जुमा होईतो पालखी देवळात परत जाईल. हसू नका. आमच्या जबानीचं हेच होतं.

आमच्यातल्या एका साचेवाल्यावर चौकशी बसली. तो म्हणाला, "रात्रपाळीला साचा बंद पडला." कारकुनानं ऐकलं मराठीत, लिहिलं इंग्रजीत, आणि खाली सही घेतली. पुढं वकिलानं कागद वाचला तेव्हा कळलं, त्यात 'मी साचा बंद केला' असं झालेलं! पडला आणि केला, एवढ्या फरकानं त्याची चूल विझली.

वर आम्हालाच सांगतात, मराठी झरझर उतरवता येत नाही. वा रे वा! आमच्या मुलखात बोरू न उचलता ओळी पळवणारी मोडी होती. तिचे कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत. पिटमनसाहेबानं 1837 साली लघुलिपी काढली तीही स्पेलिंगवर नव्हे, आवाजावर. 'प'ला बारीक रेघ, 'ब'ला तीच जाड. आवाजाला कसली आली इंग्रजी? मराठी लघुलेखनाची परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. सरकारी निम्नश्रेणी लघुलेखकाला मिनिटाला 100 शब्द लागतात, उच्चश्रेणीला 120. आपल्याच पोरापोरींनी क्लासात बोटं झिजवून ही गती कमावली आहे. 1964 साली मराठीला राजभाषा करणारा कायदा झाला, पण तो सरकारी कामापुरता. गिरणीच्या फाटकाशी त्याचे पाय अडतात. साहेबाचं पत्र घ्यायला स्टेनो, आणि आम्ही भाकरीसाठी बोलतो तेव्हा अर्धं गाळणारा कारकून!

कुणी म्हणेल, आता मोबाईलवर आवाज धरता येतो. धरा की! पण नोकरी जाते ती सहीच्या कागदावर.

म्हणून आमची मागणी: चौकशीला मराठी लघुलेखक बसवा. बोललं तसं उतरवा, वाचून दाखवा, आणि मराठी प्रत त्याच दिवशी हातात द्या. तोवर न समजणाऱ्या कागदावर सही नाही, अंगठाही नाही. दमदाटी झाली तर 'मला वाचून दाखवलेले नाही' एवढं मराठीत लिहा, तारीख घाला, आणि बाहेर आल्याबरोबर युनियनला कळवा.