चान्स किती? आधी दाखला दाखव!

केडगावच्या एखाद्या मुस्लिम घरात बी.कॉम.ला असलेली मुलगी ‘मी कॅट देते’ म्हणाली की पहिलं उत्तर ठरलेलं असतं : ‘अपने को कौन लेता वहाँ?’ उत्तर देणाऱ्या मामूंनी आयआयएमचे प्रवेशाचे नियम कधी वाचलेले नसतात. तरी चान्स शून्य, हे सांगून ते मोकळे होतात. दुसऱ्या टोकाला पुण्याचा क्लासवाला. फी भर, ९९ आणून देतो, म्हणतो. एकाला तुम्हाला घरी बसवायचंय, दुसऱ्याला तुमचे पैसे हवेत. मोजलंय कुणीच नाही.

तर मोजू. २०२४च्या कॅटला सुमारे २.९३ लाख जण बसले. ९९ पर्सेंटाइल म्हणजे ९९ टक्के गुण नव्हेत; तुमच्या पुढे साधारण २,९०० जण आहेत, एवढाच त्याचा अर्थ. २०४ गुणांच्या त्या पेपरात निम्म्याहून थोडे कमी गुण त्याला पुरले. पण पर्सेंटाइलवर हिशेब संपत नाही. मुलाखतीला बोलावताना दहावी, बारावी, पदवीचे गुण धरतात, कामाचा अनुभव धरतात. अनेक आयआयएम मुलींना आणि इंजिनिअर नसलेल्यांना जादा गुण देतात. कशाला किती वजन, हे प्रत्येक संस्था दरवर्षी जाहीर करते. म्हणून सुप्याच्या एमआयडीसीत नोकरी करणारा इंजिनिअर आणि दहावीला ९० टक्के मिळवलेली बी.कॉम.ची मुलगी, दोघांना ९६ मिळाले तरी दोघांचा चान्स सारखा नसतो.

आणि तुमचा गट कोणता? आपली माणसं इथेच गप्प होतात.

२००६च्या कायद्याने आयआयएमसह केंद्रीय संस्थांत ओबीसींना २७ टक्के जागा मिळाल्या. एप्रिल २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. त्यात धर्माची अट नाही. महाराष्ट्रात मोमीन, बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा कितीतरी जमाती ओबीसीत येतात. हे आपोआप घडलं नाही. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी त्यासाठी वर्षानुवर्षं गावं पालथी घातली, दिलीपकुमार त्यांच्यासोबत उभे राहिले, तेव्हा ७ डिसेंबर १९९४चा शासन निर्णय निघाला. त्याला तीस वर्षं उलटली. तुमच्या घरात दाखला आहे?

‘इस्लाममध्ये जात नाही, मग दाखला कशाला?’ हा युक्तिवाद मी जलशांत ऐकलाय, शिकलेल्यांच्या तोंडूनही ऐकलाय. दीनमध्ये जात नाही, कबूल. मग रिश्ता ठरवताना पहिला प्रश्न बिरादरीचा का असतो? निकाहाला चालणारी बिरादरी दाखल्यालाच का नडते? दाखला तुमच्या ईमानाबद्दल काहीच म्हणत नाही. तुमच्या आजोबांचा धंदा काय होता आणि त्यापायी घर मागे कसं राहिलं, एवढंच त्यात येतं.

दुसरी पळवाट पाच टक्क्यांची. जुलै २०१४मध्ये राज्य सरकारने मुस्लिमांना पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतलं आरक्षण थांबवलं, शिक्षणातलं चालू ठेवलं. पण अध्यादेशाचा कायदाच झाला नाही. ही फसवणूक होती, त्याबद्दल बोललंच पाहिजे. मात्र तो कायदा झाला असता तरी आयआयएमला लागू नसता, कारण ती केंद्राची संस्था. दहा वर्षं त्यावर भाषणं करणाऱ्या नेत्यांना विचारा, मोहल्ल्यात दाखल्यांची शिबिरं किती घेतलीत?

भेदभाव नाही असं मी म्हणत नाही. सच्चर समितीला २००४-०५मध्ये सगळ्या आयआयएम मिळून ४,७४३ विद्यार्थ्यांत ६३ मुस्लिम सापडले. हा आकडा आपण सभेत फेकतो. फॉर्म किती घरांतून भरले जातात, हे मात्र विचारत नाही.

दाखल्याला वेळ लागतो. १३ ऑक्टोबर १९६७पूर्वीचा पुरावा मागतात, आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर बऱ्याचदा नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं. मग जुनी कागदपत्रं शोधा, सेतूत खेटे घाला. म्हणून हे काम एफ.वाय.लाच सुरू करायचं. केंद्राची यादी वेगळी असते, तिच्यात आपली जमात आहे का ते आधी बघा. दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा, नॉन-क्रीमी लेयर चालू आर्थिक वर्षाचं. सय्यद, पठाण, शेख असाल आणि कोणत्याच राखीव यादीत नसाल, तर उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास ईडब्ल्यूएसच्या १० टक्के जागा आहेत. तोही कागद काढावाच लागतो.

राज्याची सीईटीही द्या. जमनालाल बजाजची खुल्या गटाची यादी ९९.९च्या पुढेच संपते, पण तिथली फी आयआयएमच्या मानाने फार कमी. पुण्या-मुंबईत अल्लाना नावाच्या संस्थांत मुस्लिमांसाठी जागा राखीव असतात. तो पाचातला एक फॉर्म असू द्या, एकुलता एक नको. अहमदाबादची फी दोन वर्षांना पंचवीस लाखांच्या वर आहे, म्हणजे कर्ज आलं, आणि मग घरात सूदचा मसला निघेल. भावाच्या बुलेटच्या हप्त्यांच्या वेळी तो निघाला नव्हता.

कॅटचा फॉर्म ऑगस्टमध्ये सुटतो, सप्टेंबरात बंद होतो. तोवर दाखला हातात नसेल तर केडगावची ती मुलगी खुल्या गटात जाईल. तिथला कटऑफ तिच्यासाठी तीन पर्सेंटाइलने जरी वर गेला, तरी त्या तिनांत जवळजवळ नऊ हजार माणसं उभी असतात.