कृष्णेच्या काठाकाठाने

दिवाळीचा फराळ डब्यांत भरून झाला, की घरोघर दुसरा विषय निघतो : सुट्टीत जायचे कुठे? सातारा जिल्ह्याचे नाव निघाले, तर उत्तर ठरलेलेच. महाबळेश्वर! तेथे जायचे, वेण्णा तलावात नावेत बसायचे, भाजलेली कणसे खायची आणि विल्सनपासून आर्थरपर्यंतचे सारे पॉइंट एका दिवसात 'उरकायचे'. पॉइंट पाहू नयेत असे मी म्हणत नाही. पण पॉइंटवरून दिसते ती दरी; माणसे नांदतात ती खाली, गावांत.

म्हणून गेल्या दिवाळीत आम्ही वेगळाच बेत केला. चार दिवस, एस. टी.चा प्रवास आणि वाटाड्या एकच, कृष्णा नदी. जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाणी पडते. पाच नद्यांचे हे माहेर. त्यांतल्या सावित्री आणि गायत्री पश्चिमेला कोकणात उतरतात. उरलेल्या तिघी, कृष्णा, वेण्णा आणि कोयना, देशावर येतात. एका घरातून निघून वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि पुढे एकेका गावी एकमेकींना भेटतात. भूगोलाच्या पुस्तकावर पेंगणारी आमची मुले हे ऐकून एकदम जागी झाली. “आई, वेण्णा कुठे भेटणार?” हा प्रश्न सातारा येईपर्यंत थांबला नाही.

पहिला मुक्काम वाई. गणपतीच्या घाटावर रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या देवळात ढोल्या गणपती ऐसपैस बसला आहे. थंडीच्या दिवसांत इथे कृष्णाबाईचा उत्सव होतो, तोही एक नव्हे, घाटाघाटाचा वेगळा. याच गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी राहिले, आणि मराठी विश्वकोशाचे काम इथेच बसून झाले. पहिला खंड १९७६ साली निघाला. एवढे मोठे काम मुंबई-पुण्याला न होता वाईच्या घाटाजवळ झाले, याचा आमच्या ह्यांना मोठा अचंबा वाटला. मला नाही वाटला. एका जागी बसून काम करायचे, तर गावही तसेच निवांत हवे!

सातारला कंदी पेढे घेतले आणि आधी माहुली गाठली. थोरली बहीण वेण्णेला इथे भेटते. न्यायमूर्ती रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. घाटाच्या दगडी पायऱ्यांवर बसून मुलांनी पेढ्यांचा पुडा निम्मा केला. पुढे कऱ्हाडला कोयना आली. इथे दोघी अगदी समोरासमोर येऊन भेटतात, म्हणून हा प्रीतिसंगम. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. संध्याकाळी गावातली माणसे तिथे फिरायला येतात, म्हातारी बाकांवर टेकतात, पोरे पळतात. असे शांत ठिकाण नशीबवान गावालाच मिळते.

सांगलीत उतरल्यावर गणपतीचे दर्शन घेतले. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केले ते या सांगलीत. मराठी माणसाच्या नाटकवेडाचे मूळ इथलेच. मग लगतच्या मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो. वाळलेले भोपळे उतरंडीसारखे रचलेले, आणि एक कारागीर तंबोऱ्याला कान लावून बसलेला. या कारागिरांचे पूर्वज शस्त्रांना धार लावीत. शस्त्रांची मागणी गेली, तेव्हा त्यांनी हाती वाद्ये घेतली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

संध्याकाळी परत येऊन आयर्विन पुलावर उभे राहिलो. १९२९ साली झालेला हा दगडी पूल म्हणजे सांगलीची नाडी. पाणी ४० फुटांवर आले की इशारा, ४५ फुटांवर धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टात ते ५७ फुटांच्या वर गेले होते. पुलावर भेटलेले एक आजोबा म्हणाले, “ताई, तुम्ही वर पाऊस बघायला जाता. आम्ही खाली तो मोजत बसतो.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण मला ते लागले. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरात एका दिवसात जवळजवळ ६० सेंटिमीटर पाऊस कोसळला. सांगलीत साधारण वर्षभरात पडतो तेवढा! वर आपण धुके आणि धबधबे पाहून हरखतो. तेच पाणी तिन्ही बहिणी गोळा करून खाली आणतात. धोम, कण्हेर, कोयना ही धरणे पुष्कळसे अडवून धरतात. पण ती भरत आली की पाणी सोडावे लागते, आणि वाटेतल्या गावांचा पाऊसही त्याला मिळतो. त्या जुलैत दोन-तीन दिवसांतच सांगलीचे पाणी ५० फुटांच्या पलीकडे गेले. मग पेठेतले दुकानदार माल माळ्यावर चढवतात, बायका धान्याचे डबे डोक्यावर घेऊन नातलगांकडे निघतात. पाणी ओसरल्यावर घरे धुऊन दिवाळीला पुन्हा कंदील लावतात. आम्ही गेलो तेव्हाही ते लागले होते.

तेव्हा वाचकहो, यंदा सुट्टीत महाबळेश्वराला अवश्य जा. मात्र घाट उतरून सरळ घर गाठू नका. दिवाळीनंतर नदी निवळलेली असते, हवा सुखाची असते, आणि वाईपासून मिरजेपर्यंत प्रत्येक गाव पाहुण्याला चहा विचारते. एका नदीच्या काठाने चार दिवस हिंडले, की नकाशातली निळी रेघ ओळखीची होते. आता पावसाळ्यात महाबळेश्वरच्या पावसाचा आकडा वाचला, की त्याच पानावर मी आयर्विन पुलाचा आकडाही शोधते.