देह गोठवणे सोडा, डोळे द्या

"मेलेला माणूस गोठवून ठेवला तर पुढे जिवंत करता येतो म्हणे, खरे का?" तरुण मुलगा गमावलेल्या एका ताईंनी मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवून आम्हाला विचारले. खोटी आशा द्यायला आमची जीभ रेटली नाही.

अमेरिकेत १९६७ साली कर्करोगाने वारलेल्या जेम्स बेडफर्ड यांचा देह असा ठेवला गेला. द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, तो आजही आहे. त्यानंतर शेकडो देह ठेवले गेले. उठला एकही नाही. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात, ते टाळायला भरलेली रसायनेही पेशींना अपाय करतात. खर्च दोन लाख डॉलरच्या घरात. कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थच्या दफनभूमीत तर पैसे संपले, नायट्रोजन भरणे थांबले आणि देह कुजले. ही पैसेवाल्यांची पैज आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मृत्यूनंतर गारव्याचा खरा उपयोग नेत्रपेढीत होतो. डोळ्यावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, तिथे २ ते ८ अंशांवर काही दिवस टिकतो. एका माणसाच्या दानातून दोघांना दिसू लागते. मात्र मृत्यूनंतर साधारण ६ तासांच्या आत तो काढावा लागतो. म्हणून पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि फोन करा. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूचे ऑपरेशन आड येत नाही. चेहराही विद्रूप होत नाही.

"त्या दिवशी कुणी सांगितले असते तर," ताई म्हणाल्या. जवळच्या नेत्रपेढीचा नंबर आजच दाराशेजारी लिहून ठेवा.